गाळातले जड धातू: आम्लाने धुवायचे, जिवाणूंकडून काढायचे, की गटारातच अडवायचे?

तुमच्या पालिकेपुढे मैलापाणी केंद्राचा गाळ केळी-कपाशीच्या शेतांना देण्याचा विषय आला असेल, तर आधी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, निकेल आणि क्रोमियम प्रत्येकी ५०, तांबं ३००, जस्त १००० अशा कमाल मर्यादा आहेत. आकडे यांच्या आत असतील तर धातू काढण्यावर पैसा घालूच नका. कंपोस्ट केलं की धातू कमी होतात, हा समज मात्र चुकीचा आहे. सेंद्रिय भाग कुजून घटतो, धातू तेवढाच राहतो आणि किलोमागचं प्रमाण उलट वाढतं.

आकडे मर्यादेबाहेर असतील तर पहिला पर्याय आम्लाचा. सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ च्या आसपास आणला की काही तासांत जस्त, निकेल, कॅडमियम बऱ्यापैकी सुटतात. क्रोमियम सहसा हलत नाही. शिशासाठी सल्फ्युरिक आम्ल वापरू नका. त्याचं सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते गाळातच बसतं. आम्ल भरपूर लागतं, आणि ते हाताळणारे आपलेच सफाई कामगार असतात, हे विसरू नका.

दुसरा पर्याय जिवाणूंचा. गाळात गंधक मिसळून हवा दिली की गंधक खाणारे जिवाणू स्वतःच सल्फ्युरिक आम्ल तयार करतात. रसायनाचा खर्च कमी, पण तासांऐवजी दिवस लागतात, म्हणजे टाक्या मोठ्या हव्यात. शिशाची अडचण इथेही तीच. शिवाय नेहमी वापरले जाणारे जिवाणू ३० अंशांच्या आसपास जोमात असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा उघड्या टाकीत ते मंदावतील. सावली आणि तापमानावर लक्ष ठेवणारा माणूस अंदाजपत्रकात धरा. ईडीटीएसारखी धातू पकडणारी रसायनं महाग, आणि ती पाण्यात बराच काळ टिकतात. पालिकेने त्या वाटेला जाऊ नये.

कोटेशनमध्ये सहसा न दिसणारी बाब वेगळीच. धातू नाहीसा होत नाही, गाळातून पाण्यात उतरतो. तो चुन्याने खाली बसवावा लागतो. त्यातून निघणारा थोडा पण विषारी गाळ अधिकृत धोकादायक कचरा केंद्रावरच पाठवावा लागतो. धुतलेला आंबट गाळही चुन्याने उदासीन करावा लागतो, आणि धुण्यात नत्र-स्फुरदाचा काही भाग जातो. पालाश गाळात मुळातच कमी असतो, त्यामुळे असा गाळ घेणाऱ्या केळीवाल्याने पालाशाची मात्रा तोडू नये.

म्हणून माझा कौल धातू केंद्रात पोचण्याआधी गटारातच अडवण्याला. जस्त-तांबं घरांतूनही येतं, पण निकेल-क्रोमियम अचानक वाढलं तर आधी प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा देणाऱ्या) शेडकडे बघा. औद्योगिक वसाहतीकडून येणाऱ्या प्रत्येक फाट्याच्या चेंबरमधून वेगळा नमुना घ्या, तोही रात्रीच्या पाळीत. तो फाटा सापडून तोडला, तरी आधी साठलेला गाळ उरतोच. तेवढ्यापुरती जिवाणूंची छोटी टाकी पुरेल का, हे लहान चाचणीत तपासा.