गळती बंद झालीच नव्हती, ओव्हरफ्लोची नळी बुजवली होती

कारच्या इंजिनावर मोटरसायकलचे कार्ब्युरेटर बसवलेत, किंवा बसवायला निघालात, तर हे पूर्ण वाचा. 'बाइक कार्ब स्पेशालिस्ट' म्हणवणाऱ्या एका माणसाने गळतीच्या दुरुस्तीसाठी माझ्याकडून ठरलेल्या रकमेच्या 118 टक्के घेतले आणि इंजिनात पेट्रोल भरून गाडी परत दिली. आकडे टक्क्यांत देतोय, कारण प्रत्येकाचं कोटेशन वेगळं असतं, पैसे काढण्याची पद्धत तीच. 40 टक्के ॲडव्हान्स, 35 टक्के 'सामान आलं' म्हणून, 25 टक्के गाडी ताब्यात देताना. मधेच 18 टक्के जास्तीचे, प्रेशर रेग्युलेटरच्या (पंपाकडून येणारा पेट्रोलचा दाब कमी करणाऱ्या भागाच्या) नावाखाली. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. भागांचे फोटो आले, तारखा पुढे गेल्या, आणि शेवटी घाईघाईत चाचणी दाखवली.

माझी चार कार्बची बँक, म्हणजे ओळीने एकत्र जोडलेला संच, आहे. बाइकच्या कार्बमधलं अंतर कारच्या इंजिनातल्या पोर्टशी (मिश्रण आत जाण्याच्या तोंडांशी) जुळत नाही, म्हणून बँक सुटी करून कार्ब एकमेकांपासून लांब केलेले. अशा कामात दोन कार्बना जोडणारे इंधनाचे टी-जॉइंट हलतात, त्यातल्या जुन्या ओ-रिंग (रबरी कड्या) कडक झालेल्या असतात आणि तिथून पाझर सुरू होतो. माझ्याकडे तो होताच. शिवाय मधल्या दोन कार्बच्या ओव्हरफ्लोमधून, म्हणजे जास्तीचं पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या नळीतून, पेट्रोल टपकत होतं. चारही नीडल आणि सीट (पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई आणि तिची बैठक) नवीन, सगळ्या ओ-रिंग, बाउलची (कार्बखालच्या पेट्रोलच्या वाटीची) गॅस्केट, फ्लोटची (पातळीप्रमाणे नीडल बंद करणाऱ्या तरंगाची) उंची मोजून लावणे, एवढं त्याने लिहून दिलं होतं. बिलावर मात्र 'कार्ब दुरुस्ती' एवढीच एक ओळ आली. कामाची यादी आणि बिलाची यादी शब्दाला शब्द जुळली नाही, तर शेवटचा हप्ता देऊ नका.

आता तो क्षण, ज्याने माझी झोप उडवली आहे. गाडी देताना त्याने मला रेग्युलेटरवरचं गेज दाखवलं. काटा 2 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक). मग 'बघा, एक थेंब नाही' असं म्हणत त्याने रेग्युलेटरपासून कार्बकडे जाणारा पाइप काढला, त्याचं टोक पुसलं आणि पुन्हा लावला. पाइप त्याच्या हातात होता, पंप बंद होता, आउटलेट उघडं होतं, आणि काटा तरीही 2 वरच. उघड्या तोंडावर दाब कुठून येणार? काटा शून्यावर यायलाच हवा होता. ते गेज मेलेलं होतं, डोळ्यांसमोर मेलेलं होतं.

पण माझी नजर जमिनीवर होती. कितीतरी दिवस गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास होता, घरातल्यांनी तिथे दिवा लावायला मनाई केली होती, आणि पहिल्यांदाच खालची फरशी कोरडी दिसत होती. त्या जागी कोणीही फरशीच पाहिली असती. त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्याने पाइप काढायचा तमाशा केला. हा माझा भोळेपणा होता असं मी कोणाला म्हणू देणार नाही. कार्ब उघडता येत असते तर मी त्याच्याकडे गेलो कशाला असतो? ज्याला काम येतं असं सांगतो, त्याच्यावर काम सोपवायचं, हा व्यवहार आहे.

त्याने केलं काय, ते ऐका. माझ्या बँकेत प्रत्येक बाउलमध्ये ओव्हरफ्लोची उभी पितळी नळी आहे (सगळ्याच कार्बना ती नसते). नीडल धरली नाही आणि पातळी वाढली, की जास्तीचं पेट्रोल त्या नळीतून बाहेर पडतं. ती नळी म्हणजे सुरक्षेची वाट. त्याने त्या नळ्या खालून इपॉक्सीने बुजवल्या. बाहेर पडायला जागा उरली नाही, तेव्हा पेट्रोल मेन जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या) वाटेने वर चढून थेट इनटेकमध्ये उतरू लागलं, तिथून उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि पिस्टनच्या रिंगांच्या कडेने ऑइलमध्ये. एका सकाळी स्टार्टर धप्प करून अडकला. प्लग काढले तर एका सिलिंडरमधून पेट्रोल उसळलं. द्रव दाबला जात नाही. आणखी जोर लावला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर चढलेली, वास निव्वळ पेट्रोलचा. बेअरिंगच्या शेलवर ओरखडे निघाले.

दुसऱ्या एका माणसाने बँक उघडली. नीडल चारही जुन्या, रबरी टोकांवर सीटच्या कडेचं वर्तुळ खोल उमटलेलं. गॅस्केटच्या जागी साधं सिलिकॉन थापलेलं. पेट्रोलमध्ये ते फुगतं आणि सुटतं, आणि त्याचे तुकडे पायलट जेटपाशी अडकलेले सापडले. स्वतःचं गेज लावून त्याने दाब मोजला: 5 पीएसआय. म्हणजे 18 टक्क्यांचा रेग्युलेटर काहीच करत नव्हता, पंपाचा पूर्ण दाब सरळ पुढे जात होता.

हे कार्ब मुळात टाकीखाली बसायला बनवलेले. पेट्रोलच्या 30 सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाचा दाब जेमतेम 0.3 पीएसआय भरतो. कारचा मेकॅनिकल पंप साधारण 3 ते 6 देतो, फ्युएल इंजेक्शनचा पंप 40 च्या पुढे. एवढ्या दाबापुढे नवी कोरी नीडलही हार मानते. म्हणून कोणी गळतीचं निदान सांगायला लागला, की आधी त्याला विचारा: बँक सरळ ठेवून वर टांगलेल्या बाटलीतून, पंपाशिवाय पेट्रोल देऊन पाहिलंस का? तिथे धरलं आणि पंपावर गळलं, तर दोष दाबाचा. बाटलीवरही गळलं, तर नीडल, सीट, फ्लोट, कचरा. बाइकवर कार्ब ज्या कोनात होते त्यापेक्षा भलत्याच कोनात बसवले असतील, तर फ्लोटची पातळी चुकते, ते वेगळं. ही चाचणी न करता भागांची यादी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तक्रारीचं सांगतो. पोलिसांनी अर्ज वाचायच्या आधीच सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. इपॉक्सीचे फोटो पुढे केले, तर म्हणे कामाच्या दर्जाबद्दल आम्ही काय बोलणार. दर्जा? न केलेल्या कामाचे पैसे घेतले, बदलतो म्हणून लिहून दिलेले भाग बदललेच नाहीत, याला दर्जा म्हणतात? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. तोही मान्यताप्राप्त वर्कशॉपचाच हवा. मान्यताप्राप्त वर्कशॉप म्हणतात, बदल केलेल्या गाडीवर आम्ही सही करत नाही. ज्याने खरं काम केलं त्याचा अहवाल चालत नाही, कारण त्याच्याकडे शिक्का नाही. विमावाल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे कार्ब तुम्ही आम्हाला कळवले होते का, आणि फाइल बंद. वाहन तपासणीच्या कार्यालयात तर मलाच आरोपीसारखं उभं केलं: असे कार्ब लावलेच का? अहो, जुन्या मिनीसारख्या गाड्यांत इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात. तापलेल्या पाइपवर पेट्रोल टपकलं तर माणूस जळेल. अशा गाडीची सुरक्षेची नळी बुजवणारा मोकळा फिरतो आणि प्रश्न मला? एकाही टेबलावर कोणी त्या माणसाला साधा फोन केला नाही. परत मिळालेली रक्कम: शून्य. दुसऱ्याने केलेल्या कार्बच्या खऱ्या कामाला मूळ कोटेशनच्या 30 टक्के लागले, इंजिन वेगळं.

जुने भाग परत मागा, चारही नीडल हातात मोजून घ्या. गेज स्वतःचं लावा. पाइपवर छापलेलं मानक वाचा. इथेनॉलच्या पेट्रोलला एसएई जे30 आर9 चालतो, व्हॅक्युमचा पाइप नाही. इलेक्ट्रिक पंप इंजिन थांबताच बंद होतो का ते तपासा, आणि अपघातात पंप तोडणारा इनर्शिया स्विच बसवून घ्या. व्हेंटच्या (बाउलला हवा मिळण्याच्या) नळ्या कोणालाही बंद करू देऊ नका.

आणि कोणी नुकतीच गळती 'थांबवून' दिली असेल, तर आजच ओव्हरफ्लोच्या नळीत खालून बारीक तार घालून बघा. तार अडली तर चावी फिरवू नका. आधी डिपस्टिक काढून वास घ्या आणि सगळे प्लग बाहेर काढा.