बालआरोग्य संशोधन आणि शुश्रूषेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : पाठ भक्कम, सराव अपुरा

बालरोग विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी तयार केलेला हा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. संशोधनपद्धती शिकवणारे वर्ग आणि शुश्रूषा शिकवणारे वर्ग सहसा एकमेकांपासून तुटलेले असतात. इथे मात्र प्रत्येक पाठ आजारी मुलापासून सुरू होऊन पुराव्यापर्यंत जातो, आणि हेच त्याचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.

मोठ्यांच्या औषधाची मात्रा वजनाच्या प्रमाणात कमी केली की ती मुलांसाठी योग्य ठरते, हा समज पहिल्याच भागात क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाच्या उदाहरणाने खोडून काढला आहे. नवजात बाळाचे यकृत हे औषध निष्प्रभ करण्याइतके परिपक्व नसल्यामुळे ते रक्तात साचत जाते, बाळाची त्वचा करडी पडते आणि रक्ताभिसरण ढासळते, ही गोष्ट १९५९ मध्ये प्रकाशात आली; तोवर अनेक बाळे दगावली होती.

मला सर्वाधिक शिकवून गेला तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतील चाचणीवरचा पाठ. तीव्र तापाने आजारी असलेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना शिरेतून वेगाने द्रव दिल्यास त्यांचा जीव वाचेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात असा द्रव दिलेल्या मुलांमध्ये ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के, तर न दिलेल्यांमध्ये ७.३ टक्के आढळले. शिक्षक या आकड्यांवर थांबत नाहीत. जुलाब-उलट्यांनी आजारी आणि तीव्र कुपोषित मुले या चाचणीतून वगळली होती, कित्येक मुलांना मलेरिया आणि गंभीर रक्तक्षय होता, कृत्रिम श्वसनाची सोय नव्हती. मग हा निष्कर्ष आपल्या वॉर्डातील कोणत्या मुलाला लागू करायचा आणि कोणत्या नाही, याचा विचार ते विद्यार्थ्याकडूनच करून घेतात. पुरावा वाचायला शिकवण्याची याहून चांगली रीत मी तरी पाहिलेली नाही.

संशोधनाचा प्रस्ताव लिहिण्याचा भागही तितकाच काटेकोर आहे. एक किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात जेमतेम ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनासाठी एका वेळी त्यातील एक टक्का आणि चार आठवड्यांत एकूण तीन टक्क्यांहून अधिक रक्त घेऊ नये, हा हिशेब स्वतः मांडल्यावर प्रस्तावातील प्रत्येक अनावश्यक तपासणी डोळ्यांत खुपू लागते. संख्याशास्त्राचा भाग मात्र घाईत उरकला आहे.

माझा खरा आक्षेप सरावाबद्दल आहे. पालकांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची सहमती कशी घ्यावी, हे एका चित्रफितीतून दाखवून लगेच बहुपर्यायी प्रश्न विचारले जातात. ज्यांचे मूल नुकतेच अतिदक्षता विभागात दाखल झाले आहे, अशा आईवडिलांना नकार दिला तरी उपचारांत कोणताही फरक पडणार नाही याची खात्री पटवून देणे, हे कौशल्य पर्याय निवडून तपासता येत नाही. तिथे कोणीतरी आपले बोलणे ऐकून चुका दाखवायला हव्यात. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचेही तेच. जन्मानंतर श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्कने श्वास देणे सुरू करावे लागते, आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला की नाही हे हातालाच कळते. शिवाय हे कौशल्य सरावाअभावी काही महिन्यांतच क्षीण होते, तरीही पुन्हा उजळणीची कसलीच योजना इथे नाही. परिचारिकांसाठी म्हणून जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात जवळजवळ सगळी उदाहरणे डॉक्टरांच्या निर्णयांची असावीत, हेही खटकते. मात्रा मोजताना दशांश चिन्ह चुकून दहापट औषध जाण्याची शक्यता पुष्कळदा परिचारिकाच हेरतात.

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना मी हा अभ्यासक्रम निःसंकोचपणे सुचवेन. केवळ शुश्रूषेचे प्रशिक्षण हवे असेल, तर आपल्या विभागात सरावाची बाहुली आणि शिकवायला तयार असलेले ज्येष्ठ सहकारी आहेत ना, हे पाहूनच नाव नोंदवावे.