बाल्डर्स गेट ३ : हाताला काम असलेलं प्रेम

माझा भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा भलाथोरला कॉम्प्युटर आमच्या इंदूरमधल्या लोकमान्य नगरच्या घरी ठेवून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तू नाटकवाली आहेस. बाकीचे खेळ नको बघूस, पण बाल्डर्स गेट ३ तेवढा खेळच." मी दिवसा क्लॉथ मार्केटमधल्या एका पेढीवर हिशेब लिहिते आणि संध्याकाळी हौशी मंडळींची नाटकं बसवते. आठ वर्षं विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलं, आता दिग्दर्शन करते. दसरा झाल्यावर खेळ सुरू केला, पहिल्यांदा संपला तेव्हा होळी आली होती. आता दुसऱ्यांदाही संपलाय. त्यातल्या लढायांबद्दल, जादूबद्दल आणि फाशांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते त्यातल्या प्रेमाबद्दल, कारण प्रेमाचा प्रवेश खरा वाटायला लावणं किती अवघड असतं ते मी दर वर्षी तालमीत बघते.

गेल्या पावसाळ्यात एका एकांकिकेत लग्न ठरायच्या बेतात असलेले दोघं होते. मुलगा आणि मुलगी, दोघंही चांगले नट. पण समोरासमोर उभे राहिले की वाक्यं पाढे म्हटल्यासारखी यायची. आठवडा असाच गेला. शेवटी मी घरून किसणी, परात आणि सहा भुट्टे घेऊन गेले. तिला म्हटलं, कीस करायला घे. त्याला म्हटलं, तू कणसं सोलून दे. संहितेतला शब्दही बदलला नाही. त्याने कणसाचे केस काढता काढता विचारलं, "मग तू भोपाळला जाणार का?" आणि तिचा किसणीवरचा हात मध्येच थांबला. पुन्हा चालू झाला तेव्हा जरा जास्त जोरात. कोपऱ्यात चहा पीत बसलेली पोरं एकदम गप्प झाली. त्या दिवसापासून माझं ठाम मत आहे की दोन माणसांचं जवळ येणं दाखवायचं असेल तर आधी दोघांच्या हाताला काम द्यावं, आणि प्रत्येकाला दुसऱ्याशिवायची एक काळजी द्यावी.

हा खेळ बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीचा. कॉम्प्युटरवर तो ३ ऑगस्ट २०२३ रोजी पूर्ण रूपात आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. आपण एक पात्र घडवायचं, वाटेत सोबती मिळतात, त्यांच्याबरोबर प्रवास करायचा, रात्री कॅम्पला मुक्काम करायचा. प्रत्येकाच्या डोक्यात एक किडा घातलेला आहे आणि तो काढायचा आहे, हे सगळ्यांचं समान संकट. बाकी ज्याचं त्याचं दुःख वेगळं, आणि प्रेम जुळतं ते या दुःखाच्या वाटेनेच.

प्रेम मोजायची रीत मात्र जुनीच आहे. आपण काही बोललो किंवा केलं की पडद्याच्या कोपऱ्यात सोबत्यांची नावं घेऊन अक्षरं उमटतात: शॅडोहार्टला हे आवडलं, आस्टारियनला नाही आवडलं. पात्राची माहिती उघडली की त्याच्या मर्जीची पट्टीसुद्धा दिसते. या जातीच्या खेळांमध्ये हे फार वर्षं चालत आलंय. २००९च्या ड्रॅगन एज: ओरिजिन्समध्ये सोबत्याला भेटवस्तू दिल्या की मर्जी वाढायची. वस्तू द्या, आकडा वाढवा, प्रेम घ्या. त्याच खेळात अ‍ॅलिस्टर हा सोबती आपण होऊन नायिकेला एक गुलाब देतो, आणि सगळ्या भेटवस्तूंच्या देवघेवीत लोकांच्या लक्षात राहिला तो तेवढा गुलाब, कारण तो मागून मिळालेला नव्हता. प्रयोग चालू असताना टाळ्यांचा आकडा नटाला दिसायला लागला तर तो पुढचं वाक्य समोरच्या नटाला म्हणणार नाही, प्रेक्षकांना म्हणेल. कोपऱ्यातली ती अक्षरं माझं तेच करत होती. तिसऱ्या रात्रीपासून मी तिकडे बघणंच सोडलं आणि समोरच्याचा चेहरा बघायला लागले. खेळाचा पोत तिथे बदलला.

आकड्यावर प्रेम तोललं की काय होतं याचा या खेळाच्या बाबतीत उघड पुरावा आहे. सुरुवातीच्या दिवसांत गेल नावाचा जादूगार सगळ्यांच्या फार लवकर गळ्यात पडायचा. तो दोष होता, प्रेम सुरू व्हायला लागणारी मर्जी चुकून फार कमी ठेवली गेली होती, असं दिग्दर्शक स्वेन विंके यांनी स्वतःच सांगितलं होतं. नंतर ते दुरुस्त झालं. वाक्यं तीच, नट तोच, फक्त एन्ट्री आधी झाली आणि हळुवार माणूस चिकट वाटायला लागला.

आता कार्लाक. हिच्यासाठी मी हा खेळ कुणालाही घ्यायला सांगेन. हिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन बसवलेलं आहे. दहा वर्षं तिला तिथल्या युद्धात लढवलं. इंजिन इतकं तापतं की तिला कुणाला हात लावता येत नाही. एवढी मोठी धिप्पाड, हसरी, मोठ्या आवाजाची मुलगी, आणि दहा वर्षांत तिला कुणी जवळ घेतलेलं नाही. आपण नरकातलं लोखंड शोधायचं आणि डॅमन नावाच्या लोहाराकडे न्यायचं. पहिल्या तुकड्याने काम पुरतं होत नाही. दुसरा तुकडा पुढच्या अंकात, अंधाराने शापलेल्या मुलखात गेल्यावर उपयोगी पडतो. म्हणजे प्रेम दोघींना मान्य झालंय आणि मध्ये अक्षरशः आग आहे. खेळ आपल्याला कित्येक तास त्या अंतरावर उभं ठेवतो.

माझी आई रात्री भाजी निवडत मागे बसलेली असायची. तिला इंग्रजी येत नाही. एकदा तिने विचारलं, "अगं, ही जळतेय का सारखी?" मी सगळं सांगितलं. त्यानंतर रोज पहिला प्रश्न तोच, "मिळालं का गं लोखंड?" दुसरा तुकडा बसला आणि कार्लाकने मिठी मारली त्या रात्री मी आईला झोपेतून उठवलं. ती पदर सावरून उभ्यानेच बघत राहिली आणि म्हणाली, "पाठीवरून हात फिरव तिच्या." तेवढं बटण खेळात नाही.

आस्टारियनच्या बाबतीत मी चूक केली आणि ती मला अजून टोचते. दोनशे वर्षं एका पिशाच्च धन्याचा गुलाम राहिलेला हा माणूस. गोड बोलून, अंग देऊन सावजं आणायची हेच त्याचं काम होतं. दुसऱ्या अंकात अराज नावाची एक बाई भेटते. तिला त्याने आपल्याला चावावं अशी हौस आहे आणि बदल्यात ती ताकद वाढवणारं एक औषध देऊ करते. तो नको म्हणतो. मी पहिल्या खेपेला औषधाकडे बघितलं आणि त्याला गळ घातली. तो चावला. नंतर त्याचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की दोनशे वर्षं जे त्याच्याकडून करून घेतलं गेलं तेच मीही करून घेतलं. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मागचा सेव्ह उघड ना, एका मिनिटाचं काम." सेव्ह म्हणजे खेळाची आधीची साठवलेली नोंद, ती उघडली की तिथून पुन्हा खेळता येतं. मी नाही उघडला. मागे जाऊन उत्तर बदललं की समोरच्याला ते आठवत नाही, पण आपल्याला आठवतं.

दुसऱ्या खेपेला मी त्याच्या बाजूने उभी राहिले. पुढे एका रात्री तो सगळं कबूल करतो: तुला जाळ्यात ओढायचा बेत होता, संरक्षणासाठी, आणि बेत फसला, कारण जीव जडला. मग काय करायचं ते त्यालाही माहीत नसतं. तिथे हात हातात घेता येतो. तो हाताकडे बघतो. एवढाच प्रवेश. आस्टारियन साकारणाऱ्या नील न्यूबन या नटाला द गेम अवॉर्ड्समध्ये २०२३चं सर्वोत्तम अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते किती रास्त होतं हे त्या पॉजमध्ये कळतं. सारखी फिरकी घेणारा त्याचा आवाज तिथे पहिल्यांदा सरळ येतो. आस्टारियन आणि आपलं पात्र या दोघांनी शरीरसंबंध न ठेवता एकत्र राहायचं ठरवलं तरी खेळ त्याला प्रेमच मानतो, हे मला फार मोलाचं वाटलं.

लेझेल या सोबतिणीचा क्रम सगळ्यांच्या उलट. आधी हुकूम सोडल्यासारखी जवळीक, मग कॅम्पमध्ये आपल्यालाच द्वंद्वाचं आव्हान, आणि शेवटच्या अंकात शेजारी उभं राहून सूर्योदय बघणं. शॅडोहार्ट हळूहळू उलगडते. तिला पोहता येत नाही हे ती आधी बोलता बोलता सांगते आणि पुष्कळ पुढे आपल्यासोबत पाण्यात उतरते. नाटकात याला पेरणी म्हणतात. विल हा सोबती सज्जन आहे, पण त्याच्या वाट्याला लेखन कमी आलंय.

उणं काय ते स्पष्ट लिहिते. पहिल्या अंकाच्या शेवटी निर्वासितांना वाचवलं की मेजवानी होते, आणि तिथे एकामागून एक सगळेच सोबती सूचक बोलायला लागतात. एका रात्रीत इतकी मनं मोकळी होत नाहीत. त्याहून मोठी उणीव म्हणजे प्रेम जमल्यावरचा काळ. जुळेपर्यंत लेखकांनी जीव ओतलाय, जुळल्यावर दोन मोठ्या प्रवेशांच्या मधल्या रात्री रिकाम्या राहतात. कॅम्पमध्ये जाऊन चुंबनाचं वाक्य निवडायचं, बस. फेब्रुवारी २०२४च्या सहाव्या पॅचने, म्हणजे कंपनीने खेळात मागाहून केलेल्या सुधारणेने, चुंबनं जास्त जिवंत केली, पण मला हवं होतं ते भांडण, स्वयंपाक, "आज तू गप्प का" असं काहीतरी. मास इफेक्ट ३ या खेळात, म्हणजे २०१२ साली, गॅरस हा सोबती आपल्याला उंच जागी नेतो आणि दोघं बाटल्या उडवून नेम धरायची शर्यत लावतात. आपण मुद्दाम नेम चुकवून त्याला जिंकू देऊ शकतो. माझ्या भुट्ट्याच्या किसाचं सख्खं भावंड आहे ते. आणि २०१५च्या विचर ३ या खेळात जादूगारीण येनेफर नायक गेराल्टला घेऊन इच्छा पुरवणाऱ्या जिन्नच्या शोधात निघते, गेराल्टने पूर्वी मागितलेल्या इच्छेची जादू उतरवल्यावरही प्रेम उरतं का ते बघायला. जुन्या जोडप्याची गोष्ट अशी लिहिता येते. बाल्डर्स गेटच्या सोबत्यांना तो संसार मिळायला हवा होता.

घेणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. डिस्कवर १५० जीबी जागा लागते. बोलणं फक्त इंग्रजीत आहे, हिंदी किंवा मराठी अक्षरंसुद्धा नाहीत, म्हणून वाचायची तयारी ठेवा. खेळ मोठ्यांसाठी आहे, पण नग्नता दाखवायची की नाही ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. आमच्यासारखं बैठकीच्या खोलीत खेळणार असाल तर आधी तेच बंद करा. आणि मुक्काम वारंवार करा. मनातलं बोलणं बहुतेक रात्रीच्या कॅम्पमध्ये होतं. लढाईच्या नादात झोपलाच नाहीत तर किती तरी प्रवेश तुमच्या नकळत निसटतात. माझे पहिल्या खेपेला गेलचे असेच गेले.

नोव्हेंबर २०२३च्या पाचव्या पॅचपासून शेवटी सहा महिन्यांनंतरची मेजवानी जोडली आहे. कार्लाकचं इंजिन इथल्या हवेत टिकत नाही, जगायचं तर तिला त्याच नरकात परत जावं लागतं. दुसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले. आईला सांगितलं तेव्हा तिने हातातली मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "तिथे जेवायला काय मिळत असेल गं त्यांना?"