बलू २: मथळ्यांसाठी जाड, गोलसर देवनागरी

मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू २ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि मुक्त परवान्यामुळे व्यावसायिक कामातही चालतो. रेग्युलर ते एक्स्ट्राबोल्ड अशा पाच जाड्या आहेत. टोकं गोलाकार, वळणं भरदार. दुकानाची पाटी, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाऊचं पाकीट इथे तो फार शोभतो. शोकसंदेशाला मात्र मुळीच नको.

एक्स्ट्राबोल्ड मोठ्या आकारातच वापरा. लहान आकारात ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या आतल्या मोकळ्या जागा शाईने बुजतात. मजकुरासाठी दुसरा, साधा फॉन्ट घ्या.

सगळ्यात जास्त बिघडतं ते अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळ्यासारखं ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ते शून्यच ठेवा. दोन ओळींत मथळा असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडत नाही ना, हे बघून ओळींमधलं अंतर ठरवा. वेबसाइटवर फक्त रेग्युलर फाइल जोडून बोल्ड मागितलं, तर ब्राउझर अक्षर कृत्रिमपणे फुगवतो आणि ही सुंदर वळणं चिखलासारखी दिसतात. हवी ती जाडी स्वतंत्र जोडा. फ्लेक्सला फाइल पाठवताना अक्षरांचे आउटलाइन करायला, म्हणजे अक्षरांचं आकृत्यांत रूपांतर करायला, विसरू नका.