आपली पद्धत की प्रमाणशीर? हरणाऱ्याच्या बाजूने

कॉलेज रोडला मिसळ खाताना भाचीने विचारलं, "मामा, वादविवादात कुठली बाजू घेऊ? सर्वाधिक मतांची की प्रमाणशीर?" म्हटलं, सर्वाधिक मतांची म्हणजे आपली पद्धत, जास्त मतं मिळवणारा एकटाच जिंकतो; प्रमाणशीरमध्ये पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा. आधी हरलेल्या मतदाराकडून बघ.

जिंकणाऱ्या पक्षाचे मतदार हरलेल्यांपेक्षा लोकशाहीवर जास्त खूश असतात. १९९७ साली अँडरसन आणि गिलोरी या अभ्यासकांनी ११ युरोपीय लोकशाह्या तपासल्या, तर सत्ता वाटून घेणाऱ्या (बहुधा प्रमाणशीर) देशांत ही दरी कमी निघाली. आपल्याकडे? नाशिक मनपात मनसेचे २०१२ला ४० नगरसेवक, २०१७ला ५. त्यांच्या मतदाराने पाच वर्षांत दोन्ही टोकं पाहिली! (चार नगरसेवकांचा प्रभाग म्हणजे प्रमाणशीर नव्हे बरं, तिथे प्रत्येक जागा वेगळीच लढते.)

विचारसरणीचं म्हणाल तर प्रमाणशीरमध्ये आपल्या मताजवळचा छोटा पक्षही सभागृहात पोहोचतो. पण निकालानंतर तो कुणाशी आघाडी करेल, ते आपल्या हाती नाही.

जाब विचारायला मात्र आपली पद्धत सरस. आमदार एकच, दारही एकच.

म्हणून सरकार सरळ उलथवता यावं असं वाटणाऱ्याने आपली पद्धत धरावी. कायम अल्पमतात राहणाऱ्याला प्रमाणशीर बरी, तीही जागा मिळायला साधारण किमान ५ टक्के मतं हवीत, अशा जर्मनीसारख्या अटीसह. भाचीने प्रमाणशीर घेतली. बिल मामाच्या माथी.