विंडोज डिफेंडर, दोन हार्ड डिस्क आणि तिघांची तीन खाती: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं घर सांगलीत. मी घरी डीटीपीचं काम करते: लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. त्याच कॉम्प्युटरवर सासरे, म्हणजे आमचे अण्णा, पेन्शनची कामं करतात आणि पेपर वाचतात. नववीतली मुलगी अभ्यास करते आणि खेळतेही. एकच मशीन, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम. गेल्या दिवाळीपासून यावर पैसे देऊन घेतलेलं एकही अँटिव्हायरस नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर आहे आणि त्याच्याभोवती मी बसवलेली थोडी शिस्त आहे.

हे का केलं, ते आधी सांगते. २०२५ च्या मार्चमध्ये, लग्नसराईच्या तोंडावर, मी एका मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न देता चालावी म्हणून फोडलेली प्रत, टाकलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, ‘अँटिव्हायरस बंद करा’. मी बंद केला. तेव्हा वर्षाचे पैसे भरलेलं चांगलं अँटिव्हायरस होतं. ते कुठलं होतं याला महत्त्व नाही, कारण त्याला कामच करू दिलं नव्हतं. तासाभरात प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं एक विचित्र शेपूट लागलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची मजकुराची फाइल आली. ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. नंतर शोधल्यावर कळलं की हा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, आहे. तो मोठ्या कंपन्यांपेक्षा आपल्यासारख्या घरगुती माणसांनाच जास्त पकडतो, आणि पसरतो मुख्यतः क्रॅकमधूनच.

मी पैसे दिले नाहीत. ‘नो मोअर रॅन्सम’ हा युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम आहे. तिथे कुलूप उघडण्याची साधनं फुकट मिळतात. पण या रॅन्समवेअरमध्ये दोन प्रकार असतात. त्याला इंटरनेट मिळालं नाही, तर तो स्वतःसोबत आणलेली ठरावीक किल्ली वापरतो आणि अशी किल्ली कधीतरी सापडू शकते. इंटरनेट मिळालं तर प्रत्येक मशीनसाठी वेगळी किल्ली बनते आणि ती फक्त खंडणी मागणाऱ्यांकडे राहते. आमचं इंटरनेट चालू होतं. अकरा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने गेले, ते पुन्हा बसवता आले. मुलीचे पहिलीपासूनचे फोटो गेले, ते कुठून आणणार?

तेव्हा नुसतं विंडोज नव्याने टाकून काम सुरू केलं होतं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा मात्र ठरवलं की सगळं मुळापासून मांडायचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते. आमच्या मशीनमध्ये ती होती, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘पीटीटी’ या नावाखाली बंद करून ठेवलेली. ती चालू केल्यावर अडचण आली नाही. तुमचं मशीन आठव्या पिढीचं किंवा पुढचं असेल आणि ‘चालणार नाही’ असा संदेश येत असेल, तर नवीन घेण्याआधी हे एकदा बघा.

आता डिफेंडर. पहिल्याच दिवशी मी त्याची परीक्षा घेतली. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक ओळ असते. तिच्यात अपाय काहीच नाही. अँटिव्हायरस जागा आहे का, हे तपासण्यासाठीच ती बनवलेली आहे. नोटपॅडमध्ये ती टाकून सेव्ह केली आणि क्षणात सूचना आली. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं डिफेंडर वरच्या श्रेणीत असतो, हे वाचलं होतं. तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर धीर आला.

पण आठ महिन्यांनंतर मला खरं कौतुक आहे ते त्यातल्या एका सोयीचं, आणि ती मुळात बंद असते: ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या भागात ती आहे. चालू केली की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइलींना फक्त ओळखीचे प्रोग्रॅम हात लावू शकतात. अनोळखी प्रोग्रॅमला वाचता येतं, बदलता येत नाही. मार्चमध्ये हे चालू असतं तर फोटो बचावण्याची चांगली शक्यता होती. मी तेव्हा केलं तसं संरक्षणच बंद केलं, तर अर्थातच हेही पडतं.

याला पहिल्या आठवड्यात वेळ द्यावा लागतो. डीटीपीचे जुने प्रोग्रॅम त्याच्या ओळखीचे नसतात, त्यामुळे फाइल सेव्ह होत नाही आणि कोपऱ्यात सूचना येते. ‘ॲलो ॲन ॲप’ मध्ये जाऊन एकेक प्रोग्रॅम जोडायचा. मी सात प्रोग्रॅम जोडले. कामाचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर होते, तेही संरक्षित यादीत स्वतःहून घालावे लागले. त्यानंतर या सूचना जवळपास थांबल्या. आणि एक लक्षात घ्या: तुम्ही दुसरं अँटिव्हायरस टाकलंत की डिफेंडर आपोआप बाजूला होतो आणि ही सोयही त्याच्यासोबत जाते. पुण्याच्या क्विक हीलपासून परदेशी नावांपर्यंत पुष्कळ चांगले पर्याय आहेत, घ्यायचे तर जरूर घ्या. फक्त फोल्डरचं असं रक्षण त्यात आहे का, ते विचारून घ्या.

खात्यांकडे वळते, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथे पडला. आधी आम्ही तिघंही एकाच ॲडमिनिस्ट्रेटर खात्यात होतो. आता ॲडमिनिस्ट्रेटर खातं वेगळं आहे, ते मी रोजच्या कामाला वापरत नाही. आम्हा तिघांची तीन साधी खाती आहेत. काही इन्स्टॉल करायचं तर पासवर्ड लागतो आणि तो माझ्याकडे असतो. साध्या खात्यात रॅन्समवेअर चालला तर त्या माणसाच्या स्वतःच्या फाइली धोक्यात येतातच. पण दुसऱ्याच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये आणि विंडोजच्या गाभ्यात त्याला सहजासहजी शिरता येत नाही. म्हणजे मुलीच्या हातून चूक झाली तरी माझे अहवाल आणि अण्णांची कागदपत्रं बचावण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

जानेवारीत तशी वेळ जवळपास आलीच. मैत्रिणीने पाठवलेली, खेळात जोडायची एक फाइल घेऊन मुलगी आली. “आई, पासवर्ड टाक ना, सगळ्यांनी टाकलंय.” आम्ही दोघींनी ती फाइल व्हायरसटोटलवर चढवली. तिथे एकाच वेळी साठ-सत्तर अँटिव्हायरस ती तपासतात. एकोणीस जणांनी लाल खूण केली. तिने स्वतः मैत्रिणीला फोन करून सांगितलं. व्हायरसटोटलवर खाजगी कागद मात्र कधी चढवू नका, तिथे दिलेली फाइल इतर अभ्यासकांपर्यंत पोचू शकते.

अण्णांचा प्रसंग वेगळा. फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी हाक मारली, “अगं, लवकर ये, भोंगा वाजतोय!” पूर्ण पडदा लाल, कर्कश आवाज, ‘कॉम्प्युटर बंद करू नका, या नंबरवर फोन करा’. अण्णांचा हात फोनवर होता, नंबर अजून लावला नव्हता. हा व्हायरस नसतो. हे पूर्ण पडदा व्यापून बसलेलं एक वेबपान असतं. एस्केप दाबून धरायचं, नाही जमलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. खरा धोका त्या फोन नंबरच्या पलीकडे असतो. तिथला माणूस मशीन दुरून ताब्यात घेणारा प्रोग्रॅम टाकायला सांगतो आणि मग बँकेचं खातं उघडायला लावतो. कुणाचे पैसे गेलेच तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर, ताबडतोब फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी अडवता आले तर आले.

तो भोंगा आला कुठून, तेही शोधलं. एका राशिभविष्याच्या पानावर अण्णांनी ‘अलाऊ’ दाबलं होतं, त्यामुळे त्या पानाला खाली कोपऱ्यात सूचना दाखवायची परवानगी मिळाली होती. त्यातल्याच एका सूचनेवर त्यांनी क्लिक केलं. डिफेंडरने याला अडवलं नाही, कारण परवानगी माणसाने दिलेली होती. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनेची विचारणाच बंद केली आणि अण्णांना फायरफॉक्सवर ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं जोडसाधन बसवून दिलं. क्रोमने अशा जोडसाधनांची जुनी पद्धत बंद केल्यापासून तिथे याची फक्त लाइट आवृत्ती चालते, फायरफॉक्सवर मात्र ते पूर्ण चालतं. शिवाय राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, बदलून ‘क्वाड९’ टाकला, म्हणजे ९.९.९.९. फसव्या म्हणून ओळखल्या गेलेल्या वेबसाइट तो उघडूच देत नाही आणि घरातल्या फोनांनाही त्याचा फायदा होतो. त्यानंतर भोंगा वाजलेला नाही.

माझ्या धंद्यातलं खास दुखणं म्हणजे पेन ड्राइव्ह. गिऱ्हाईक झेरॉक्सच्या दुकानातून थेट येतं, आणि ड्राइव्ह उघडला की फोल्डरच्या जागी व्हायरसने बनवलेले शॉर्टकट दिसतात. आठ महिन्यांत असे पाच आले, पाचही डिफेंडरने लावताच पकडले. पण तो शॉर्टकट काढून टाकतो, लपवलेल्या खऱ्या फाइली पुन्हा दिसत्या करत नाही. गिऱ्हाईक घाबरतं, ‘ताई, सगळं गेलं का?’ गेलेलं नसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ ही आज्ञा देऊन लपवलेपण काढलं की सगळं परत येतं. आणि एक्सप्लोररमध्ये फाइलींची शेपटं दिसतील अशी सोय आधी चालू करा. ती बंद असली की ‘पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘पत्रिका.पीडीएफ’ असं दिसतं.

बॅकअपवर जवळपास दहा हजार रुपये खर्च झाले. या सगळ्यात मोठा खर्च तेवढाच. एक टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घेतल्या. एक घरी कपाटात. शनिवारी संध्याकाळी लावते, नक्कल झाली की काढून ठेवते, कारण लावून ठेवलेल्या डिस्कवरही रॅन्समवेअर कुलूप लावतो. दुसरी मिरजेला माहेरी असते. महिन्याला जाणं होतंच, तेव्हा दोन्हींची अदलाबदल करते. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत तळमजल्यात पाणी होतं, त्यामुळे एक नक्कल घराबाहेर हवी हे कुणी पटवून द्यावं लागलं नाही. एप्रिलमध्ये एक आख्खा अहवाल मुद्दाम दुसऱ्या फोल्डरमध्ये परत उतरवून बघितला. उघडला, फॉन्टसकट. न तपासलेल्या बॅकअपवर माझा आता विश्वास नाही.

टायपिंगचं ते सॉफ्टवेअर मी नंतर पैसे देऊन घेतलं. दोन लग्नपत्रिकांच्या मजुरीत बसलं.

पूर्ण स्कॅन आमच्या जुन्या हार्ड डिस्कमुळे चार-पाच तास चालतो, म्हणून तो महिन्यातून एकदा रात्री लावते. रोजच्या कामात मशीन जड झाल्यासारखं वाटत नाही. अपडेट मी कधी पुढे ढकलत नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांची मशीनं गेली.

एक काम राहिलं आहे. अण्णांचा ईमेलचा पासवर्ड आणि पेन्शनच्या कामाचा पासवर्ड अजून एकच आहे, त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. वही घरातच असते, तिची मला काळजी नाही. दोन्हीकडे एकच असल्याची आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं बसून ईमेलचा बदलणार आहोत आणि त्याला दुसरी पायरीही, म्हणजे पासवर्डनंतरची आणखी एक खात्री, लावणार आहोत. नवा पासवर्ड त्यांनीच ठरवला आहे, तो मलाही सांगितलेला नाही.