टूर्निकेट, जखमेत गॉझ भरणं की प्रेशर बँडेज: जोराचा रक्तस्राव थांबवताना काय निवडाल?

रुग्णालय गाठण्याआधी जोराचा बाह्य रक्तस्राव थांबवायला तीन साधनं कामाची ठरतात: टूर्निकेट (हातापायाभोवती आवळून खालचा रक्तप्रवाह बंद करणारा पट्टा), जखमेत ठासून भरलेला गॉझ (जाळीदार सुती कापड) आणि प्रेशर बँडेज (जखमेवर दाब धरून ठेवणारी ताणाची पट्टी). तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, दाब. तो कुठे पडतो, किती खोल पोहोचतो आणि आपला हात काढल्यावर टिकतो का, एवढ्यावरच त्यांची निवड होते. किट भरताना "यातलं सर्वांत चांगलं कोणतं?" असं विचारलं जातं, पण त्याला एक उत्तर नाही. मांडीवर जे जीव वाचवतं, ते जांघेत निरुपयोगी असतं.

आधी ओळखा, मग साधन उचला

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. मांडीतली मोठी धमनी पूर्ण उघडी पडली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणूनच आता अपघातग्रस्ताची तपासणी श्वासमार्गापासून सुरू होत नाही. जीवघेणा बाह्य रक्तस्राव आधी थांबवायचा आणि मग श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण या क्रमाने पुढे जायचं.

जीवघेणा रक्तस्राव म्हणजे नाडीच्या ठोक्यागणिक उडणारं रक्त, न थांबता वाहून जमिनीवर साचणारं रक्त, बघता बघता भिजणारी पट्टी किंवा कपडा, तुटून वेगळा झालेला हात-पाय. रक्तदाब मोजत बसू नका. तरुण, धडधाकट माणसाचा वरचा रक्तदाब एकूण रक्ताच्या 30 टक्क्यांपर्यंत रक्त जाईस्तोवर बरा दिसू शकतो. त्याआधीच नाडी वेगाने धावू लागते, कातडी गार आणि घामट होते, माणूस बेचैन होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. ही लक्षणं दिसली की धोका मानायचा, यंत्रावरचा आकडा काहीही म्हणो.

कोणतंही साधन काढेपर्यंत हाताने दाबणं सुटता कामा नये. हातमोजे घाला, जे स्वच्छ कापड मिळेल ते ठेवा, कोपर सरळ ठेवा आणि खांद्यावरून अंगाचं वजन टाका. बोटांनी हलकं दाबून काही होत नाही, आणि दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघितलं तर जमत आलेली गुठळी निघून येते.

तिन्ही शेजारी शेजारी

| | टूर्निकेट | गॉझ भरणं | प्रेशर बँडेज |
|---|---|---|---|
| कुठे चालतं | फक्त हात आणि पाय | हात, पाय, जांघ, काख, मानेची बाजू | हात, पाय. भरलेल्या जखमेवर |
| लागणारा वेळ | सराव असेल तर मिनिटाच्या आत | भरणं आणि वर 3 ते 10 मिनिटं दाब | 1 ते 2 मिनिटं |
| नंतर हात मोकळे? | हो | बँडेज बांधल्यावरच | हो |
| धमनीच्या रक्तस्रावात | भरवशाचं | नीट भरलं तर चांगलं | एकट्याने अपुरं |
| मुख्य धोका | ढिलं राहणं, फार वेळ राहणं | वरवर भरणं | आतला स्राव झाकला जाणं |

छाती आणि पोटाच्या आतल्या रक्तस्रावासाठी यातलं एकही नाही. त्या पोकळ्यांत गॉझ कोंबायचा नाही, कितीही कोंबला तरी दाब तयार होत नाही. अशा माणसाला लवकरात लवकर शस्त्रक्रियागृहापर्यंत नेणं हाच उपचार. कवटी फुटलेल्या जागीही काही आत घालायचं नाही.

टूर्निकेट

याबद्दलची भीती खूप जुनी आहे: "बांधलं की पाय कापावा लागतो." 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बगदादमधल्या लष्करी रुग्णालयातल्या 232 रुग्णांच्या अभ्यासाने तिला मोठा धक्का दिला. केवळ टूर्निकेटमुळे कुणाचाही हात-पाय कापावा लागला नव्हता. शॉकमध्ये (रक्त कमी पडून अवयवांचा रक्तपुरवठा ढासळण्याच्या अवस्थेत) जाण्याआधी टूर्निकेट बांधलेल्यांपैकी 90 टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर बांधलेल्यांपैकी 10 टक्के. टूर्निकेटचा निर्णय घ्यायचा तर लवकर घ्या, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगता येणार नाही.

जागा: जखमेच्या 5 ते 8 सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला. कोपर किंवा गुडघ्याच्या सांध्यावर नाही. हाताच्या खालच्या भागात आणि पोटरीत दोन हाडं असल्यामुळे तिथे टूर्निकेट चालत नाही, हा समज चुकीचा आहे, चालतं. जखम नेमकी कुठे हे कळत नसेल, अंधार असेल किंवा तिथे थांबणं धोक्याचं असेल, तर कपड्यांवरूनच दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला बांधा. खिशात फोन किंवा किल्ल्या असतील तर आधी काढा. पट्ट्याखाली कडक वस्तू आली की दाब सारखा पडत नाही.

पीळ देण्याच्या दांडीचं टूर्निकेट बहुतेकांचं चुकतं ते दांडीपर्यंत पोहोचण्याआधीच. पट्टा बकलमधून ओढताना तो इतका ताणायचा की त्याखाली बोटाचं टोक शिरू नये. सगळा ढिलेपणा इथेच काढायचा असतो. तो राहिला तर दांडी फिरवतच राहावी लागते, पट्टा गोळा होतो आणि रक्त थांबत नाही. साधारण तीन वेढ्यांपेक्षा जास्त फिरवावं लागत असेल तर पट्टा ढिला होता असं समजा. शक्य असेल तर उलगडून पुन्हा ओढा. रक्त थांबेपर्यंत आणि खालची नाडी (मनगटावरची किंवा पावलावरची) लागेनाशी होईपर्यंत फिरवा, दांडी खोबणीत अडकवा, वर वेळेची पट्टी लावा आणि त्यावर घड्याळातली वेळ लिहा. एकाने थांबलं नाही तर दुसरं त्याच्या लगेच वर, चिकटून.

नाडी जाईपर्यंत का? अर्धवट आवळलेलं टूर्निकेट काहीच न बांधण्यापेक्षा वाईट ठरू शकतं. शिरा उथळ असतात, त्या आधी बंद होतात. धमनीतून रक्त आत येतच राहतं. परत जायला वाट नसल्याने तो हात-पाय फुगतो आणि जखमेतून स्राव वाढतो. नीट आवळलेलं टूर्निकेट भयंकर दुखतं. रुग्ण ओरडतोय म्हणून ते सैल करणं ही नेहमीची आणि महागात पडणारी चूक आहे. त्याला आधीच सांगा की हे दुखणार आहे, आणि पथकाकडे वेदनाशामक असेल तर द्या.

वेळेचं गणित असं: 2 तासांपर्यंत साधारण सुरक्षित, 2 ते 6 तासांत स्नायू आणि मज्जातंतूंना इजा होण्याची शक्यता वाढत जाते, 6 तासांनंतर घटनास्थळी ते काढायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी सैल करण्याचा जुना सल्ला अजून कुठे कुठे ऐकू येतो, तो पूर्ण सोडून द्या. दर वेळी रक्त जातं आणि गुठळी सुटते. टूर्निकेट काढून त्याजागी गॉझ आणि प्रेशर बँडेजवर येणं हे प्रशिक्षित पथकाचं काम आहे. तेही 2 तासांच्या आत, रुग्ण शॉकमध्ये नसताना, हात-पाय तुटून वेगळा झालेला नसताना आणि जखमेवर सतत नजर ठेवता येत असेल तरच. रुग्णवाहिका थोड्याच वेळात पोहोचणार असेल तर त्या भानगडीत पडू नका. रुग्णाला उचलून हलवल्यावर मात्र प्रत्येक वेळी पट्टा, नाडी आणि स्राव पुन्हा बघा.

प्रकारांत पीळ देण्याच्या दांडीचं आणि रॅचेटचं (दातेरी पट्टा खटक्याने पुढे सरकवत आवळायचं), दोन्ही चांगली. रॅचेटमध्ये थोडं थोडं घट्ट करत जाता येतं. दांडीचं स्वतःच्या दंडावर एका हाताने बांधायला शिकणं सोपं आणि सरावाची सामग्री भरपूर. ताणायच्या रबरी पट्ट्या लहान मुलांच्या बारीक हातापायांवर उपयोगी पडतात, पण त्यांचा ताण हाताच्या अंदाजावर असतो आणि रक्ताने निसरड्या झाल्या की एकट्याला जमत नाही. फार लहान मुलांमध्ये हाताचा दाब आणि गॉझ यांवरच बरंच भागतं.

गॉझ भरणं

जांघ, काख, खांद्याचा खोबणा, मानेची बाजू: इथे टूर्निकेटचा पट्टा बसतच नाही, आणि नेमक्या याच जागी मोठ्या रक्तवाहिन्या असतात. इथे या तिन्हींपैकी गॉझ भरणं हाच खरा उपाय आहे.

कपडा कापून जखम पूर्ण उघडी करा. साचलेलं रक्त पुसून किंवा ओंजळीने काढून रक्त नेमकं कुठून येतंय ते शोधा. बऱ्याचदा ते दिसतं त्यापेक्षा खोल आणि वरच्या बाजूला असतं. गॉझचं टोक बोटाने थेट त्या जागेवर, शक्यतो हाडाच्या दिशेने दाबा. आता ते बोट काढण्याआधी दुसऱ्या हाताच्या बोटाने पुढचा पदर आत सरकवा. एक बोट कायम दाबून, दुसरं भरतंय, असं आलटून पालटून. दोन्ही बोटं एकदम बाहेर आली की खालचा दाब गेला. पोकळी घट्ट भरून गॉझ कातडीच्या 2-3 सेंटिमीटर वर येईपर्यंत भरा, मग त्यावर दोन्ही तळहातांनी वजन टाका. जखमेच्या तोंडाशी गॉझ गोळा करून ठेवणं म्हणजे भरणं नव्हे. वरून कोरडं दिसतं आणि आत रक्त साठत राहतं.

रक्त गोठवणारा गॉझ असेल तर किमान 3 मिनिटं, साधा असेल तर 10 मिनिटं दाब. घड्याळ लावून, अंदाजाने नाही, कारण ताणाखाली एक मिनिटही पाच मिनिटांसारखं वाटतं. रक्त भिजून वर आलं तर भरलेला गॉझ उपसू नका. आधी जागा असेल तिथे आणखी भरा आणि पुन्हा दाबा. जखमेत रुतलेली वस्तू असेल तर ती तशीच राहू द्या आणि तिच्या भोवतीने भरा.

रक्त गोठवणारा गॉझ मुख्यत्वे दोन प्रकारचा. केओलिनचा (एक प्रकारच्या पांढऱ्या मातीचा) गॉझ शरीराची स्वतःची गोठण्याची प्रक्रिया वेगाने सुरू करतो. कायटोसनचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) गॉझ रक्तपेशींना चिकटून स्वतःच चिकट गोळा बनवतो, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या किंवा अंग गार पडलेल्या रुग्णात तो तत्त्वतः जास्त सोयीचा. पूर्वीची झिओलाइट या खनिजाची सुटी पूड ओली झाली की तापायची आणि भाजायची. जुन्या साठ्यात अशी पूड सापडली तर टाकून द्या. पण स्पष्ट सांगायचं तर, नीट भरलेला साधा गॉझ वरवर कोंबलेल्या महागड्या गॉझपेक्षा केव्हाही सरस. बजेट मर्यादित असेल तर साध्या गॉझचे भरपूर रोल आणि सराव यांवर खर्च करा.

प्रेशर बँडेज

याचं खरं काम आहे आपण हातांनी मिळवलेला दाब टिकवणं. शिरेतला संथ स्राव किंवा उथळ, रुंद जखम ते एकट्याने सांभाळतं. उसळणाऱ्या धमनीला पुरत नाही. दाबाची कडी असलेल्या बँडेजमध्ये कडी नेमकी जखमेवर यावी, पट्टा तिच्यातून ओवून उलट दिशेला ओढावा आणि प्रत्येक वेढा ताणलेला असावा. पॅड जखमेच्या बाजूला सरकलं तर बँडेज नुसतं रक्त झाकतं. बांधल्यावर खालची नाडी तपासा. ती गेली असेल तर बँडेजचं नकळत टूर्निकेट झालंय, तेही ढिसाळ. थोडं सैल करून पुन्हा बांधा. मानेवरच्या जखमेत पट्टा गळ्याभोवती कधीच गुंडाळू नका, विरुद्ध बाजूच्या काखेखालून घ्या.

खरी द्विधा: हातावरची किंवा पोटरीवरची मोठी जखम

इथे तिन्ही चालतात. तुम्ही एकटे असाल, जखमी अनेक असतील, जागा सुरक्षित नसेल किंवा रक्त उसळत असेल, तर थेट टूर्निकेट. दोन माणसं आहेत, जागा सुरक्षित आहे आणि स्राव संथ आहे, तर दाब, गरज पडली तर गॉझ आणि वर बँडेज. टूर्निकेट हाताशी ठेवा. हात-पाय तुटून वेगळा झाला असेल तर त्या क्षणी रक्त कमी दिसलं तरी टूर्निकेट. धमन्या आकसल्याने स्राव काही काळ थांबतो आणि नंतर अचानक सुरू होतो.

टूर्निकेट नसेल तर कमरेचा पट्टा बहुधा कामाचा नाही, तो पुरेसा आवळता येत नाही. 4-5 सेंटिमीटर रुंद मजबूत कापड आणि न वाकणारी दांडी यांनी करता येतं, पण अपयशाचं प्रमाण जास्त. आधी दाबा आणि भरा. दोरी किंवा तार कातडी आणि मज्जातंतू कापते.

खरेदी आणि किट

नावाजलेल्या टूर्निकेटची हुबेहूब नक्कल बाजारात सर्रास मिळते. नकलीची दांडी पीळ देताना वाकते किंवा मोडते, शिवण उसवते. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. एका किटमध्ये दोन टूर्निकेट, साध्या गॉझचे चार रोल, जमल्यास रक्त गोठवणारा एक गॉझ, 15 सेंटिमीटर रुंदीची दोन प्रेशर बँडेज, कपडे कापायची कात्री, हातमोज्यांच्या तीन-चार जोड्या, मार्कर आणि उबेचं फॉइल पांघरूण. पांघरूण वगळू नका: अंग गार पडलं की रक्त गोठणं मंदावतं, म्हणजे बांधलेलं सगळंच कमजोर होतं. सरावाचं टूर्निकेट वेगळ्या रंगाचं किंवा ठळक खूण केलेलं ठेवा आणि ते किटमध्ये परत जाऊ देऊ नका. वारंवार पिळलेला पट्टा खऱ्या वेळी दगा देतो. किट उन्हात तापणाऱ्या गाडीच्या काचेखाली ठेवू नका.

रुग्णवाहिका पथकाकडे ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड (जमलेली गुठळी विरघळू न देणारं औषध) असेल तर इजेपासून 3 तासांच्या आत, 1 ग्रॅम 10 मिनिटांत शिरेतून, ही 2010 च्या क्रॅश-2 चाचणीतली सुरुवातीची मात्रा. 3 तासांनंतर ते उलटू शकतं. आणि ते दाबाची जागा घेत नाही.

रुग्ण सोपवताना चार गोष्टी तोंडी सांगा आणि लिहूनही द्या: टूर्निकेट (किती, कुठे, किती वाजता), जखमेत गॉझचे किती रोल आहेत, कोणत्या प्रकारचा गॉझ, आणि बांधल्यानंतर पुन्हा रक्त आलं का. रक्त गोठवणाऱ्या गॉझचं रिकामं पाकीट बँडेजवर चिकटवून पाठवा, म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलावर आतला प्रत्येक तुकडा मोजून काढता येतो.